पहाऱ्यावर कोणी नाही

धाकटीने खुर्ची ओढली आणि दादाच्या स्क्रीनमध्ये असं डोकं खुपसलं, की आता आत पडते की काय.

"बघ, चारही पहारेकरी जागेवर," दादा म्हणाला. "माझ्या प्रोग्राममधला हा आकडा कोणी बदलला, की यांनी बोंब ठोकायची. आकडा रोज बदलतो आणि हे ढिम्म! आज चोर सापडला नाही, तर माझी नोकरी गेली."

दादाचा प्रोग्राम भाड्याच्या यंत्रावर चालायचा. भाड्याचं, म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात बिऱ्हाडं थाटून बसलेल्या शंभर खोट्या यंत्रांपैकी एक. पहारेकरी मात्र खऱ्या यंत्राकडे चारच. ज्याची पाळी, त्याच्या दारात ते उभे करायचे. पाळ्या इतक्या भरभर बदलत, की पापणी लवेपर्यंत त्या बिचाऱ्यांची पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची.

ही पायपीट धाकटीनेच बंद केली होती. यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीत होती ना ती. ज्याने पहारा मागितला, फक्त त्याच्याच दारी पहारेकरी पाठवायचे. यंत्रं अशी वेगात उधळली, की साहेबांनी तिला खांद्यावर घेऊन नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

"दादा, तुझं यंत्र मध्येच दुसरीकडे हलवतात का रे?"

"सारखं. तुमचीच माणसं हलवतात. का गं?"

धाकटीच्या आता लक्षात आलं. बिऱ्हाड हलताना पहारेकऱ्यांची यादी सोबत जात होती. पण 'याने पहारा मागितलाय' ही खूण पाठवायला ती विसरली होती. यादीत चौघं हजर, दारात चिटपाखरू नाही.

तिने बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला आणि आपला बदल आजच मागे घेऊ द्या, म्हणून विनवलं.

"एका भावासाठी सगळ्यांचा वेग घालवू?" साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू."

"साहेब, त्याची नोकरी—"

"पुढच्या महिन्यात, बाई."

ती परत आली तेव्हा आकडा पुन्हा बदलला होता. पहारेकरी गप्पच. चूक आपलीच, असं कबूल करून दादा राजीनामा टाइप करत होता.

"थांब ना रे! चूक तुझी नाही, माझी आहे. तुझे पहारेकरी मीच काढलेत."

दादाने हसून तिच्या डोक्यात टपली मारली.

"काच मी फोडायचो आणि 'मीच फोडली' म्हणत आईपुढे जाऊन तू अशीच उभी राहायचीस."

"अगदी खरं सांगतेय, दादा!"

"तेव्हाही हेच म्हणायचीस," दादा म्हणाला आणि त्याने राजीनामा पाठवून दिला.