साहेबांचं निधन आणि धाकटीची नोकरी

माझी धाकटी मुलगी जनावरांच्या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते. कामाला बसते घरीच, आमच्या जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे तिच्या ऑफिसातली भांडणं मला भाजी निवडता निवडता फुकटात ऐकायला मिळतात.

दवाखाने पुष्कळ, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, पण सर्व्हर एकच. एका इमारतीतल्या खोल्या समजा. हे सॉफ्टवेअर जनावरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडतं. जनावर मेलं तरी धाडतं. एका बाईंच्या वारलेल्या बोक्याला 'उदंड आयुष्य लाभो' गेलं आणि त्यांनी डॉक्टरांची बिनपाण्याने केली. मग धाकटीच्या साहेबांनी हुकूम सोडला: तीन वर्षांत जे जनावर फिरकलं नाही त्याला मृत धरा, शुभेच्छा बंद करा आणि घरच्यांना सांत्वनाचा मेसेज पाठवा.

"नीट पार पाडलंस तर कायम करतो," ते धाकटीला म्हणाले. "नाहीतर दुसरीकडे बघ."

धाकटीने एकच स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकुमांची यादी, लिहिली. स्क्रिप्टने सर्व्हरवरच्या डेटाबेसांची नावं आपणच गोळा करायची आणि एकेकात शिरून तेच काम उरकायचं. एका दवाखान्यावर तिने ती तपासून पाहिली, बटण दाबलं आणि चहा ओतून घेतला.

चहा निवायच्या आत बोंब उठली. साहेबांनी आपल्या मित्राच्या जिमचा डेटाबेसही गुपचूप त्याच सर्व्हरवर ठेवला होता. तोसुद्धा दवाखान्याची नक्कल मारून: 'जनावर' या रकान्यात सभासद, 'मालक' या रकान्यात घरच्यांचा नंबर. गोळा झालेली नावं धाकटीने वाचलीच नव्हती. स्क्रिप्ट बिचारी त्याही खोलीत शिरली आणि व्यायामाला टांग मारणारे सगळे एका दमात स्वर्गवासी झाले.

"बाबा, हसू नका. माझी नोकरी गेली."

"अगं, लोकांचे जीव गेले, तुझं काय घेऊन बसलीस!"

तेवढ्यात स्क्रीनवर लालबुंद साहेब उगवले. "डोकं गहाण टाकलंस का? जिवंत माणसं मारलीस! आजच्या आज..."

त्यांच्या मागून त्यांच्या बाईसाहेब आल्या, हातात मोबाइल. कंपनी त्यांच्याच नावावर आहे.

"'आपला लाडका गब्बू आता आपल्यात नाही,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. मित्राने साहेबांची नोंद शाळेतल्या नावाने केली होती. "तीन वर्षं फिरकले नाहीत म्हणे. मग रोज सकाळी जिमची बॅग घेऊन जाता कुठे?"

"अगं, सिस्टिम चुकलीय!"

"का गं मुली, चुकलीय?"

धाकटीने तारखांचा रकाना पुन्हा तपासला. 'हो' म्हणाली असती तर साहेब सुटले असते.

"खोली चुकली, मॅडम. तारीख बरोबर आहे."

"हिला मी कायम करणार नाही!" साहेब ओरडले.

"पत्रावर सही मी करते," बाईसाहेब म्हणाल्या. "तुमची आता चालायची नाही, मयत आहात. मुली, पुढच्या वेळी नावं वाचून मग बटण दाब. आणि आधी बाकीच्यांना जिवंत कर."

"आणि सरांना?"

"त्यांची घाई नाही."