मुद्देमाल क्रमांक सात

मित्रांनो, गेली एकोणीस वर्षं कोर्टाच्या मालखान्यात मी धूळ खात पडलो आहे. माझं वय झालं आहे. मी पत्र्याचा कर्णा. एका शिंप्यासाठी डबे-बादल्या करणाऱ्या त्याच्या दोस्ताने मला घडवलं. तोंडाशी कड गोल वळवताना तो म्हणाला होता, "तुझं बोलणं बोचतं, निदान कड तरी बोचायला नको!"

शिंप्याचा पंथ अगदी लहान, गावात जेमतेम तीस माणसांचा. दर सुट्टीला तो चौकात उभा राहून दहा मिनिटं आपला धर्म सांगायचा. कुणी ऐकायचं, कुणी टिंगल करायचं. माझे खरे सुखाचे दिवस तेच.

मग कुणाच्या तरी भावना दुखावल्या आणि तक्रार झाली. हवालदाराने मला हिसकावून घेतलं आणि गळ्यात चिठ्ठी बांधली. परवान्याशिवाय धर्म सांगितला म्हणून खालच्या कोर्टाने शिंप्याला दोषी ठरवलं. वरच्या कोर्टात वकीलसाहेब कडाडले, "ऐकणाऱ्याला आवडत नाही म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं?" नऊ वर्षांनी कोर्टाने परवान्याचा नियमच रद्द केला.

दुसऱ्याच दिवशी शिंपी मुलीला घेऊन मालखान्यात हजर!

"काका, अभिनंदन," कारकून म्हणाला. "पण मुद्देमाल परत द्या, असं निकालात कुठंच नाही."

"अहो, जिंकलोय मी!"

"जिंकलात ना. पण तुमच्या वकिलांनी हे मागितलंच नाही. न मागितलेलं कोर्ट कसं देणार?"

तत्त्वाच्या नादात वकीलसाहेब मला साफ विसरले होते. शिंप्याने अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. दरम्यान त्याच निकालाच्या जोरावर तक्रारदारांनी आपला धर्म सांगायला चौकात भलामोठा लाउडस्पीकर बसवला.

"त्यांनाही हक्क आहेच," अर्जाची चौकशी करायला मालखान्यात आलेला शिंपी मुलीला म्हणाला. "मीच मिळवून दिलाय."

"बाबा, मग तुम्ही दुसरा कर्णा करून घ्या ना."

"करणारा गेला गं. आणि माझाही घसा बसलाय आता."

पुढच्या खेपेला मुलगी एकटीच आली. तिचे वडील गेले होते. कारकुनाने हळहळ व्यक्त केली आणि वारसाचा दाखला मागितला. ती पुन्हा आली नाही. मी तिला दोष देत नाही.

परवा एक प्राध्यापक कायद्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. "हाच तो गाजलेल्या खटल्यातला कर्णा," असं म्हणून त्यांनी मला वर धरलं. सगळ्यांनी फोटो काढले.

एका मुलीने विचारलं, "सर, पण ते चौकात सांगत काय होते?"

सरांनी निकालाची एकशे चौदा पानं चाळली. त्यात शिंप्याचं एकही वाक्य नव्हतं.

"ते महत्त्वाचं नाही," सर म्हणाले. "तत्त्व महत्त्वाचं."

मित्रांनो, माझ्या पत्र्याचा असा संताप झाला म्हणून सांगू! त्याचा शब्दन् शब्द मला पाठ आहे, पण आपणहून बोलणं माझ्या नशिबात नाही. हक्क मिळाला की टाळ्या जरूर वाजवा. पण ज्याने तो मिळवला, त्याचं म्हणणं तो जिवंत आहे तोवर दहा मिनिटं ऐकून घ्या. नाही पटलं तर खुशाल निघून जा. तो एवढंच मागत होता.