आधी पोट, मग किडनी

ताईचा देह मोठा होता आणि तिची स्वतःची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार असायची ती बाकीच्यांची. चहाच्या कंपनीत ती चाखणीच्या खोलीत कामाला होती. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकात वेगळ्या मळ्याचा चहा. ताई चमच्याने घोट उचलायची, सुर्रकन टाळ्यावर उडवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि बाजूच्या भांड्यात थुंकून टाकायची. "हा जास्त भाजलाय," "ह्याला गोदामाची ओल लागलीय," असं ती म्हणाली की खरेदीवाले हुज्जत घालत नसत. त्या खोलीत तिच्या वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

घरी मात्र तो विषय कायम तोंडी लावायला असे. आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला, बारक्याला, तिनंच लहानाचं मोठं केलं. त्याचं लग्न झाल्यावरही तिघं एकाच घरात राहत होती. बारक्या पहिल्यापासून काडीपहिलवान. ताई जिना चढून आली की तो बायकोला म्हणायचा, "भांडी धर गं, भूकंप आला." ताईही हसायची. भावाला हसायला काहीतरी लागतं, एवढंच.

मग बारक्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिसला जायचं आणि पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी यायचं, असं सुरू झालं. भावजयीचा रक्तगट जुळला नाही. ताईचा जुळला. पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या आणि घराच्या जिवात जीव आला.

सर्जननी सगळे कागद पाहून मान हलवली.

"जुळतंय सगळं. पण या वजनात किडनी काढणं तुमच्याच जिवावर बेतेल. आणि पुढं उरलेल्या एका किडनीवर सगळा भार. वजन उतरवा, मग बघू."

ताईनं मनापासून प्रयत्न केले. काटा थोडा खाली यायचा आणि पुन्हा होता तिथं जायचा. शेवटी सर्जननीच पोट लहान करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला.

"मग दोन्ही एकदमच उरकता येणार नाहीत का?" भावजयीनं विचारलं. "एकदाच भूल, एकदाच टाके."

"नाही. आधी पोट, मग किडनी. पोट कापल्यावर माणूस कित्येक महिने घोटाघोटानं जेवतो. वजन भराभर उतरत असतं, अंगात त्राण नसतं. जखम भरायला जे लागतं तेच पोटात जात नाही. वजन एका जागी थांबलं, रक्त नीट आलं, की मगच किडनीला हात लावायचा. वर्षभर तरी धरून चला."

"आणि यांनी वर्षभर काय करायचं?"

"डायलिसिस. मेंदूमृत दात्यांच्या किडनीसाठी यादीत नावही घालू. पण नंबर कधी लागेल ते मी सांगू शकत नाही."

मग तिघंही ताईकडे बघायला लागले. प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तरी ताई म्हणाली, "चालेल."

ऑपरेशनच्या आधी एका डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली.

"हे मी प्रत्येक दात्याला सांगते. मनात नसेल तर आत्ता बोला. तुम्ही दाता म्हणून बसत नाही, एवढंच मी बाहेर कळवीन. का, ते विचारायचा हक्क कुणाला नाही. तुमच्या भावालाही नाही."

ताईला एकदम मोकळा श्वास आला. किडनी द्यायला तिची हरकत नव्हती. आज म्हटलं असतं तर आज दिली असती. नको होतं ते दुसरंच. तिचं धडधाकट पोट, ज्याला काहीही झालेलं नव्हतं, ते कापून फेकायचं होतं. पण दाराच्या धुरकट काचेतून बाकावर बसलेला बारक्या दिसत होता, एका बाजूला कललेला. खोटं सांगून त्याच घरात जायचं, दिवसाआड त्याला पांढराफटक होऊन येताना बघायचं, आणि समोर बसून जेवायचं.

"माझ्या मनात आहे," ती म्हणाली.

पोटाचं ऑपरेशन सुरळीत झालं. आधी नुसतं पाणी, मग पातळ, मग वाटीतले चार घास. सुट्टी संपवून ताई चाखणीच्या खोलीत परतली, पहिला घोट टाळ्यावर उडवला आणि थबकली. गंजका खिळा जिभेवर ठेवावा तशी चव. दुसऱ्या कपालाही तीच, शेवटच्यालाही तीच.

"काहींना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांची चव परत येते."

काही आठवडे तिनं नुसत्या वासावर आणि पानाच्या रंगावर निभावून नेलं. मग तिच्या हातून शिळा माल पास झाला. साहेबांनी आवाज चढवला नाही, उलट खुर्ची पुढे केली, आणि तिला तात्पुरतं म्हणून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथल्या बायका म्हणाल्या, "किती छान दिसायला लागलात हो."

घरी दर रविवारी भावजय वजनकाटा हॉलच्या मधोमध आणून ठेवायची. ताई त्यावर उभी राहायची, दोघं वाकून आकडा बघायचे. "अजून थोडं, ताई. थोडंच राहिलंय." आकडा हलला नाही की बारक्या आत निघून जायचा. ताईला वाटायचं, आपल्या अंगावरचं मांससुद्धा आता आपलं राहिलेलं नाही.

आणि एका दुपारी हॉस्पिटलचा फोन आला. यादीतला नंबर लागला होता. कुण्या अनोळखी माणसाची किडनी बारक्याला बसली, आणि चालूही लागली.

भावजयीनं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताईला मिठी मारली. दोन्ही हात आता सहज मागे पोचत होते. "सुटलो आपण सगळे. आणि ताई, तुमचं तर वजन उतरलं ते वेगळंच. भलंच झालं तुमचं."

"हो," ताई म्हणाली.

बारक्या घरी आला. त्याच्या गालांवर रंग चढायला लागला. एके संध्याकाळी दोघंच जेवायला बसले होते. संसर्ग होऊ नये म्हणून लावलेला मास्क त्यानं जेवणापुरता हनुवटीखाली ओढला होता.

"तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

ताईनं चमचा खाली ठेवला. "मला राग आलाय. कुणावर काढायचा ते कळत नाही. तू बरा झालास, तुझ्यावर कसा काढू? ज्याची किडनी मिळाली तो बिचारा मेला. डॉक्टर तर खरं तेच सांगत होते." मग तिनं त्याला बंद दाराआडच्या त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं.

"मग 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"तू बाहेर बाकावर बसला होतास."

बारक्यानं मान खाली घातली. "मला माहीत होतं आत काय विचारतात ते. बाहेर बसून मी घोकत होतो, हिनं नाही म्हणावं. आणि तू बाहेर येऊन 'ठरलं' म्हणालीस, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

ताईनं चमचा उचलून एक छोटा घास तोंडात घातला आणि चावत राहिली, कारण नीट चावलं नाही तर तो वर येई. तेवढी वाटी संपायला आता तिला खूप वेळ लागायचा. बारक्याचं ताट कधीच रिकामं झालं होतं. हात वाळले तरी तो उठला नाही.