बेरजेतली चूक

मॅडमनी गठ्ठ्याची गाठ सोडवायला घेतली, तेव्हा ती आपणच मारलेली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. दुहेरी गाठ, वर पुन्हा एक आडवी. बाकीचे लोक गठ्ठ्याला रबर लावून मोकळे होत. एवढी खटपट करणारी कॉलेजात एकच बाई होती. नखं दुखायला लागली तशी त्यांनी पर्समधली छोटी कात्री काढली आणि नाडी सरळ कापून टाकली.

रेकॉर्ड रूममध्ये एक खिडकी होती, आणि तिच्यापुढेही कपाट लावलेलं होतं. त्यांनी गठ्ठा दाराजवळच्या उजेडात आणला आणि प्रात्यक्षिक परीक्षेची गुणयादी काढली. आसन क्रमांकांवरून बोट खाली नेत त्या एका ओळीवर थांबल्या. प्रयोग एकवीस, जर्नल नऊ, आलेख चार, तोंडी आठ. एकूण चाळीस.

चौथीतलं पोरही बेचाळीस म्हणालं असतं. पण ही बेरीज कुणी करून बघितलीच नव्हती. कोण बघणार? मुलं मॅडमना पाठीमागे ‘तराजू’ म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांच्या पेपरच्या फेरतपासणीसाठी एकही अर्ज आला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. तसं त्या कधी बोलून दाखवत नसत, पण नव्या प्राध्यापकांना कुणी ते सांगितलं तर थांबवतही नसत.

ती ओळ त्यांच्या मुलीची होती.

भौतिकशास्त्राच्या विभागात माणसं दोनच. त्यातले एक सर बारा महिने आजारी. मुलीची परीक्षा दुसऱ्या कुणाकडे द्या, असं मॅडमनी तीनदा लेखी कळवलं होतं, आणि तीनदा ‘पर्याय नाही’ असं उत्तर आलं होतं. मग त्यांनी आपला आपणच पर्याय काढला. तोंडी परीक्षेत मुलगी धडाधड उत्तरं द्यायची, तिथे आठाच्या जागी सहा लिहायला हात धजेना. म्हणून रकान्यांत खरे मार्क लिहायचे आणि ‘एकूण’मध्ये दोन कमी करायचे. आईनेच मार्कांची खैरात केली असं उद्या कुणी म्हणायला नको. सहा सत्रं, सहा परीक्षा, दर वेळी दोन. दोन मार्कांनी काय आभाळ कोसळणार होतं?

आभाळ कोसळलं नाहीच. मुलीपुरतं ते बंद झालं, एवढंच.

दहा दिवसांपूर्वी अंतिम निकाल लागला होता. चोवीसशेपैकी चौदाशे अडतीस. म्हणजे एकोणसाठ पूर्णांक ब्याण्णव टक्के. हवाई दलाच्या वैमानिक भरतीच्या फॉर्मवर पहिलीच अट होती, पदवीला किमान साठ टक्के. मुलीने आकडा टाकला की संगणकावर लाल अक्षरं यायची आणि पुढचं पान उघडायचंच नाही. तिने तो आकडा चार वेळा टाकून पाहिला होता. मॅडमनी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं होतं.

बारावीनंतर मुलगी म्हणाली होती, “आई, मी नदीपलीकडच्या कॉलेजात जाते.” तिथे मार्क पसाभर वाटतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची एक मैत्रीण तिकडे गेली. अपूर्णांकांच्या बेरजा हिच्याकडून शिकलेली ती मैत्रीण एकाहत्तर टक्के घेऊन बाहेर पडली आणि परवा तिने फॉर्म भरलाही. मॅडम तेव्हा मुलीला म्हणाल्या होत्या, “तिथले मार्क म्हणजे नुसती हवा. डिग्री कशी खणखणीत पाहिजे.” मुलीने ऐकलं होतं. फॉर्मवर डिग्री वाजवून बघायचा रकाना नव्हता.

साठ टक्क्यांना दोनच मार्क कमी होते, म्हणून मॅडम शेवटच्या सत्राची तेवढी एक गुणयादी घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्य त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, भला माणूस, पण भलेपणाने दमलेला. समोर फायलींची चळत होती आणि कोपऱ्यातला पंखा त्यांच्याकडे सोडून सगळीकडे वारा घालत होता.

“दोन मार्कांचा फरक आहे,” मॅडम म्हणाल्या. “दुरुस्त करायचाय.”

प्राचार्यांनी यादी पाहिली, बोटांवर बेरीज केली आणि मान वर केली. “अहो मॅडम, तुमची बेरीज चुकली? आता सूर्य पश्चिमेला उगवायचा.”

“चुकली नाही. मी मुद्दाम कापले.”

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. दार बंद आहे ना, हे पाहिलं.

“हे वाक्य मी ऐकलेलं नाही.”

“सर, पण खरं तेच आहे.”

“खरं असेल हो. मुद्दाम म्हटलं की चौकशी आली. चौकशी म्हटली की समिती. समितीत कोण घ्यायचं यावरच दोन महिने जातील. पोरीच्या फॉर्मची मुदत कधी आहे?”

“शुक्रवार.”

“आणि आज बुधवार.” त्यांनी खणातून छापील अर्ज काढून पुढे सरकवला. “नियमात कारण एकच बसतं, बेरजेतील चूक. तुम्ही लिहा, मी सही करतो. आपलं कॉलेज स्वायत्त आहे, संध्याकाळपर्यंत सुधारित गुणपत्रिका मिळेल. सूचना मात्र बोर्डावर लावावी लागेल. सात दिवस. परीक्षकाच्या नावासकट.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“मॅडम,” प्राचार्य खूप हळू म्हणाले, “तुमच्या खरेपणाने त्या पोरीचं एकदा वाटोळं झालंय. दुसऱ्यांदा करायचं असेल तर करा. अर्ज तुमचा, मुलगी तुमची.”

मॅडम आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. अर्ज पुढ्यात ठेवून त्यांनी अर्धा तास नुसता चष्मा पुसला. थकवा आला होता, तो आजचा नव्हता. सत्तावीस वर्षं ताठ बसून बसून पाठीला आलेला तो थकवा होता. मग त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, बेरजेतील चूक. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

घरी मुलगी गॅलरीत धावायचे बूट घासत बसली होती. निकाल लागल्यापासून ती धावायला गेली नव्हती, पण बूट मात्र रोज घासत होती. मॅडमनी गुणपत्रिका तिच्या मांडीवर ठेवली. मुलीने हात पुसले, कागद वाचला, पुन्हा वाचला. चौदाशे चाळीस. खाली बारीक अक्षरांत दुरुस्तीचं कारण होतं.

“आई, तुझी बेरीज चुकत नाही.”

“चुकली.”

“खरं सांग.”

आत टीव्ही चालू होता. मुलीच्या बाबांनी त्याचा आवाज कमी केला. म्हणजे ते ऐकत होते.

“तू माझी मुलगी म्हणून मी दोन कापत होते,” मॅडम म्हणाल्या. “लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून.”

“कापत होतीस? म्हणजे किती वेळा?”

“सहाही वेळा.”

मुलगी बराच वेळ ब्रशचे केस बोटाने उलटसुलट करत राहिली. ती ओरडेल असं मॅडमना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दर वेळी घरी येऊन मी तोच प्रयोग पुन्हा मांडायचे,” ती म्हणाली. “कुठे चुकलं ते शोधायचे. मला वाटायचं, मलाच येत नाही.”

“तुला येत होतं.”

“हे तीन वर्षांपूर्वी सांगायचंस.”

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने संगणक सुरू झाल्याचा आवाज आला, मग टकटक, मग शांतता, आणि मग पुन्हा टकटक. पुढचं पान उघडलं होतं. मॅडम गॅलरीतच बसून राहिल्या. सुटल्यासारखं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. दोन्हींतलं कुठलं जास्त, हे त्यांना त्या दिवशी तोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डापुढे गर्दी होती. तराजूची बेरीज चुकली, ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. मॅडम आल्या तशी मुलं पांगली, एकदोघांनी उगाच नमस्कार केला. त्या खाली मान न घालता जिना चढल्या.

खोलीच्या दाराशी एक तरुण मुलगी उभी होती. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारी. बोटांना काळी शाई, ओढणीला पिन. दोन वर्षांपूर्वी ती मॅडमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. कॅडेटच्या तुकडीत होती, पाठ ताठ असायची. आताही होती.

“मॅडम, बोर्डावरची सूचना आमच्याकडेच आली होती कॉपीला,” ती म्हणाली. “पाच प्रती काढल्या. काढता काढता वाचली.”

“बरं.”

“माझा शेवटच्या वर्षाचा पेपर बघता का? म्हणजे काही असेल असं नाही. उगाच आपलं. पेपर तीन वर्षं ठेवतात ना, अजून असेल.”

“मग तेव्हाच अर्ज का नाही केलास?”

मुलगी हसली. “तुमच्या पेपरला? सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. मीच माझ्या मैत्रिणीला थांबवलं होतं, म्हटलं पैसे वाया जातील, मॅडमची बेरीज चुकत नाही.”

मॅडमना तास होता. पण त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला, पुन्हा कात्रीच चालवली आणि पेपर घेऊन खोलीत आल्या. मुलगी उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

पेपरच्या पहिल्या पानावर त्यांच्याच सुबक अक्षरात आकडे होते. पहिला भाग अठ्ठावीस. दुसरा भाग सव्वीस. खाली, चौकोनात, एकूण चव्वेचाळीस.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आठ आणि सहा चौदा. चार लिहिले होते, आणि हातचा एक घ्यायचा राहून गेला होता. इथे काही मुद्दाम नव्हतं. कोणत्या दिवशी, कसल्या घाईत, डोकं दुखत होतं की दारावर कुणी आलं होतं, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्यांनी आतली पानं उलटून प्रत्येक उत्तराचे मार्क मोजले. चोपन्नच होते. तिसऱ्यांदा मोजले.

“बरोबर आहे ना?” मुलगी म्हणाली. “मला माहीतच होतं. सॉरी हं मॅडम, तुमचा तास बुडवला.”

“तुला एकूण किती होते?”

“चौदाशे बत्तीस.” ते सांगायला तिला आठवावं लागलं नाही. “आठ कमी पडले. साठ टक्क्यांची अट होती आमच्या फॉर्मला. विमानाच्या. आम्ही तिघी भरणार होतो.”

“आता भरता येईल?”

“आता कसं? मागच्या महिन्यात चोवीस पूर्ण झाली मला. वयाची अट असते.” मग तिने मॅडमकडे नीट पाहिलं. “का?”

“दहा मार्क,” मॅडम म्हणाल्या. “माझे चुकले. हातचा राहिला.”

फाटकाबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली तरी मुलगी पेपरकडेच पाहत होती. तिने हात पुढे केला, शाई लागेल म्हणून मागे घेतला.

“म्हणजे चौदाशे बेचाळीस,” ती म्हणाली.

“हो.”

“दुरुस्त करून द्याल? उपयोग काही नाही, पण घरी दाखवायला. बाबा अजून म्हणतात, शेवटच्या वर्षी परेडच्या नादात तू पुस्तक उघडलं नाहीस. जेवताना म्हणतात, पाहुणे आले की म्हणतात. मलाही आता तसंच वाटायला लागलंय.”

माफी मागायची मॅडमना सवय नव्हती. काल घरीसुद्धा ती मागायची राहूनच गेली होती.

“कुठे असतात बाबा?”

“दुकानातच. सकाळी तेच बसतात.”

“चल,” मॅडम म्हणाल्या आणि पेपर हातात घेऊन उठल्या.

“तुमचा तास आहे ना?”

“आहे.”

जिन्यात मुलं बाजूला झाली. वर्गातल्या पोरांनी खिडकीतून पाहिलं की तराजू घंटा झाल्यावर कॉलेजबाहेर चालली आहे, तेही झेरॉक्सवाल्या मुलीच्या मागून. रस्ता ओलांडताना मुलीने सवयीने हात आडवा धरून एक गाडी थांबवली. दुकानात तिचे बाबा मशीनमध्ये कागद भरत होते. मॅडमना पाहताच त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, गडबडीने खुर्ची पुसली आणि मग मागे उभ्या असलेल्या मुलीकडे नजर टाकली.

“मॅडम, तुम्ही इकडे?” ते म्हणाले. “आता काय केलं हिनं?”