उभा धागा

सोफ्याच्या खोळीवर तिसऱ्या ओळीतला पाचवा चौकोन शेजारच्या चौकोनांपेक्षा अर्धे बोट खाली आला होता. रंग टिकून होता, शिवण सरळ होती, कुठे उसवले नव्हते. बसणाऱ्यांच्या वजनाने तेवढाच तुकडा ताणला जाऊन त्याची लहानशी झोळी झाली होती.

“बाकीचे एकशे एकोणीस उत्तम आहेत,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तक्रार करण्याची सवय नसल्यामुळे त्या हसत होत्या. “आणि आमच्याकडे कुणी रेलून बसतही नाही हो. सगळे टोकावर, पळायच्या तयारीत.”

धाकटी मशीनवरून उठली. “माझ्याकडून झालं असेल, डॉक्टर. संध्याकाळी या, बदलून ठेवते.”

थोरलीने तिच्याकडे पाहिले. ती खोळ धाकटीने शिवलेलीच नव्हती.

दोघी जावा. रस्त्याकडच्या खोलीत गेली सव्वीस वर्षे दोघी मिळून जुन्या कापडाच्या खोळी शिवत होत्या. लोक आपले विटलेले पडदे, चादरी, नवऱ्यांचे सदरे आणून देत. दोघी ते उसवत, धूत, इस्त्री करत. मग थोरली चार चार बोटांचे चौकोन कापी आणि धाकटी ते जोडून सोफ्याला, खुर्चीला, बाकाला अंगरखा चढवी. कातर थोरलीची. ती फलाटीनच्या फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर असे, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावत नसे.

अवघड काम शिवण्याचे नव्हते, कापण्याचेच होते. कापड उभ्या धाग्याने ताणले जात नाही, आडव्या धाग्याने थोडे ताणले जाते. नव्या कापडाला किनार असते, तिच्यावरून उभा धागा कळतो. जुन्या सदऱ्याच्या पाठीला किनार कुठली? तिथे थोरली तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायची आणि बोटांना कळायचे. सगळ्या चौकोनांचे उभे धागे एकाच दिशेने लागले तर खोळ वर्षानुवर्षे आकार सोडत नाही. एखादा आडवा लागला तर त्याची झोळी होते.

डॉक्टरीणबाईंची खोळ थोरलीने स्वतः शिवली होती; त्यातले बहुतेक चौकोन किनार असलेल्या पडद्यांतूनच निघाले होते, चिमटीने लावायचे थोडेच होते. धाकटी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी बारा दिवस गेली होती. तिच्यामागे एवढे एकच काम झाले होते, आणि नेमके तेवढेच परत आले होते.

डॉक्टरीणबाई गेल्यावर थोरली बराच वेळ खोळीच्या उलट्या बाजूकडे पाहत बसली. मग तिने ढिगातून किनार नसलेली एक निळी चादर ओढली, दहा चौकोन कापले, नेहमीसारखे चिमटीत ओढून दिशा लावली आणि गठ्ठा मशीनजवळ ठेवला.

“हे घे. पाच-पाचाच्या दोन पट्ट्या.”

धाकटीने पहिला चौकोन उचलला, कानाजवळ नेऊन दोन्ही हातांनी झटका दिला. टक्. खाली ठेवला. दुसरा. टक्. तिसऱ्याचा आवाज तसा आला नाही. धाकटीने तो पाव फेरा फिरवला, पुन्हा झटका दिला. टक्.

हा आवाज थोरली कित्येक वर्षे ऐकत आली होती. “काय सारखं कापडाचे कान उपटतेस?” असे ती कितीदा तरी तिच्यावर खेकसली होती. आज तिने फक्त मोजले. दहापैकी तीन चौकोन फिरले.

“थांब. ते तीन का फिरवलेस?”

“कुठे काय?”

“अगं, मी समोर बसलेय. डोळे अजून शाबूत आहेत माझे.”

धाकटीने मशीनवरून पाय काढला. “आडवे होते, ताई.”

“तुला कसं कळलं?”

“उभ्याने ओढलं की टक्कन वाजतं. आडव्याने नुसतंच भप्प. फुटक्या ढोलासारखं.”

“आणि मला वाटायचं, तुझी खोड आहे.”

“आधी खोडच होती की. नंतर उपयोगाला आली.”

“कधीपासून फिरवतेस?”

धाकटीने फिरवलेले चौकोन एकावर एक नीट ठेवले. “दोन वर्षं होतील. तुम्ही मनगटाला पट्टा बांधून झोपायला लागलात, तेव्हापासून.”

थोरलीने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होती. मनगटात शीर दबली आहे, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. बोटांतली गेलेली संवेदना परत येईलच असे नाही, असेही. घरी तिने “हात अवघडतो” एवढेच सांगितले. हातातले काम संपले की कातर धाकटीला देऊन टाकायची, असे त्याच दिवशी रस्त्याने येताना तिने ठरवले होते. मग दुसरे काम आले. मग तिसरे. बोटांना काही कळत नव्हते, तरी ती चिमटीत धरून ओढत राहिली. खोळी परत येत नव्हत्या, म्हणजे बोटांना आतून कळत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

“मला सांगायचंस ना.”

“तुम्हाला? कातरीबद्दल?”

धाकटीच्या आवाजात राग नव्हता. असता तर थोरलीला बरे वाटले असते.

चौदा वर्षांपूर्वी धाकटीने एकदा विचारले होते, “ताई, एखादी खोळ मी कापून बघू?” खोलीत दोन गिऱ्हाइके बसली होती. थोरली म्हणाली, “तू? माकडाच्या हाती कोलीत!” सगळे हसले. सर्वांत जास्त वेळ धाकटी हसली. पुढे तिने तो विषय काढला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी केराच्या डब्यात थोरलीला वर्तमानपत्राचे चौकोन सापडले होते. चाळीसएक असतील. तिने एक उचलून पट्टीने मोजला, मग दुसरा. चारी बाजू बरोबर, चारी कोन काटकोन. एकाही कडेला केसाचा फरक नव्हता. थोरलीने ते पुन्हा डब्यात टाकले, वर भाजीची देठे टाकली आणि झाकण लावले. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तेव्हा धाकटी एकोणचाळीस वर्षांची होती. आता सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागतो.

“हिरवा तुकडा कापून देता ना?” धाकटीने विचारले. खोळीतला झोळी झालेला चौकोन तिने एव्हाना उसवला होता आणि डॉक्टरीणबाईंच्या जुन्या पडद्याचा उरलेला बिनकिनारीचा भाग पुढे धरला होता.

कातर समोरच होती. थोरलीने ती उचलली, आणि सवयीने स्वतःच कापले. धाकटीने चौकोन घेतला, झटका दिला, फिरवला आणि सुईखाली सरकवला. थोरलीला दिसेल असा फिरवला नाही. थोडी पाठ वळवून फिरवला.

उन्हे उतरली तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. खोळीवर हात फिरवून म्हणाल्या, “आता सांगूनही खरं वाटणार नाही. बरं ताई, वरच्या खोलीतल्या सहा खुर्च्यांनाही करायचंय. आईच्या सगळ्या चादरी आहेत. मला त्या जपून कापलेल्या हव्यात, म्हणून तुम्हालाच विचारते. मापं घ्यायला कधी येता?”

धाकटी मशीनवर मान खाली घालून दोरा तोडत होती.

थोरलीने कातर फलाटीनमध्ये गुंडाळायला घेतली होती. ती थांबली. फडके बाजूला ठेवून तिने कातर पात्यांकडून धरली आणि मशीनच्या फळीवर, धाकटीच्या उजव्या हाताशी ठेवली. लोखंडाचा आवाज झाला तशी धाकटीने मान वर केली.

“मला नका विचारू, डॉक्टर,” थोरली म्हणाली. “हिला विचारा. आमच्याकडे कापते ही.”