थरांचा दगड

प्रीतमने फडकं सोडून जीवखडा पिंडांशेजारी ठेवला आणि त्याची थोरली बहीण कामिनी एकदम पुढे वाकली. हा तो दगड नव्हताच.

चितेभोवती फिरताना प्रीतमच्या खांद्यावरच्या मडक्याला ज्याने भोक पाडलं, तो दगड धरणाच्या पाळीवरून उचललेला होता. काळा, जड, अंगभर बारीक कण चमकणारा, थराचं नाव नाही. अग्निजन्य, असं तिच्या मनात तेव्हाच आलं होतं. बाप जळतोय आणि आपल्याला सहावीचा भूगोल सुचतोय, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली होती. समोरचा हा मात्र भुरा, चपटा. कडेला एकावर एक थर, आणि प्रीतमच्या बोटांना त्याची वाळू लागलेली. गाळाचा खडक. लाखनीच्या शाळेत ती दरवर्षी असेच दोन दगड पोरांच्या हातात देऊन फरक विचारते, आणि चुकलं की कुणाला सोडत नाही.

दहा दिवस बाबांचा जीव त्या काळ्या दगडात होता. तोच पाण्यात गेला नाही, तर बाबा जाणार कुठे?

समोर गोसीखुर्दचं पाणी पसरलं होतं. तळाशी त्यांचं जुनं गाव होतं. गाव बुडाल्यावरही बाबा, श्यामलाल, याच पाण्यावर मासे धरत राहिले. डोंग्यात पुढे ते जाळं घेऊन आणि मागे प्रीतम वल्हं मारत. दुसरं काही त्या दोघांना ठाऊकच नव्हतं.

कावळे बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना.

"सबद दे बापाले," तुलाराम काका म्हणाले. "डोंगा इकणार नाई म्हण."

"नाई इकत, बाबा," प्रीतमने हात जोडले.

कावळे ढिम्म हलले नाहीत. काकांनी दगडाकडे निरखून पाहिलं.

"खडा तोच हाये ना रे?"

प्रीतमने तुळतुळीत मुंडलेलं डोकं खाली घातलं. कामिनीने बोलायला तोंड उघडलं, तोच तिची नजर फांदीवर अडकवलेल्या त्याच्या शर्टावर गेली. वाऱ्याने बाह्या उडत होत्या. छातीवरचा खिसा तेवढा जड होऊन खाली ओढला गेला होता. बाबा गेल्यापासून हा पोरगा रडला नव्हता. छातीचा घट्ट आहे, असं सगळे कौतुकाने म्हणत होते.

"तोच हाये, काका," ती म्हणाली. "मी पाह्यला होता."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. प्रीतम कमरेइतक्या पाण्यात गेला आणि त्याने भुरा दगड सोडून दिला.

परतताना ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. पाळीवरून गाडी निघाली.

"ताई, तुले समजलं होतं ना?"

"हो."

"मंग काहून नाई बोलली?"

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डोंग्यात एकट्याले बसवत नाई वं, ताई. बाबा संग असले का..." त्याचे खांदे गदगदू लागले, गाडी रस्त्याच्या कडेला झुकली.

कामिनीचेही डोळे वाहत होते. तिने मागून हात घालून त्याचा खिसा घट्ट धरला. आतला काळा दगड त्याच्या अंगाने कोमट झाला होता.

"हळू चालव," ती म्हणाली. "बाबा संग हायेत."