करवली येईपर्यंत

आमचा शेखर, माझा धाकटा भाऊ, जॅझ वाजवतो. ड्रम. सिन्नरमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे डीजे का? मी म्हणते, हो, तेच समजा. कोण डोकं लावत बसणार.

शिकवलं त्याला कुणीही नाही. लहानपणी मामांच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. पुढे नाशिकला एका साउंडवाल्याकडे वायरी गुंडाळायला लागला. तिथेच कुठल्याशा हॉटेलातल्या कार्यक्रमात त्याने जॅझ ऐकलं आणि येडाच झाला. घरी येऊन पत्र्याची पेटी, कुकर, जिन्याचा कठडा, काही म्हणून सोडलं नाही. या संगीतात म्हणे आधी ठरवलेलं फार थोडं असतं. एकाने काढलं की दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं. मी म्हटलं, मग तुला शोभतंच. तुझं काय कधी ठरलेलं असतं?

पण एक गोष्ट त्याची पक्की होती आणि तीच त्याला नडत होती. मामांच्या बँडचा नियम होता की नवरदेव मांडवाच्या दारात पोचला तरी करवली मागे असेल तर वाजवणं थांबवायचं नाही. आमच्या थोरल्या भावाच्या लग्नात करवली मी होते. नव्या चपलांनी पाय सोलले, हातात पाण्याने भरलेला करा, आणि सगळे गेले पुढे. बँडमधली मोठी माणसं दमून थांबली, गुरुजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडत होते, पण हा एवढासा पोरगा ताशा बडवत राहिला. त्या आवाजाच्या रोखाने मी रडत-रडत मांडवात पोचले, तेव्हा कुठे याने काड्या खाली ठेवल्या.

मोठेपणी तरी सुटावी की नाही ही सवय? मोठा कार्यक्रम असला की मी हवीच, आणि मी दिसेपर्यंत हा आपलं एकट्याचं वाजवणं संपवणार नाही. पुण्यात माझी बस उशिरा पोचली, तर हा वाजवतोय, वाजवतोय. बाकीचे वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले. त्या ग्रुपने त्याला पुन्हा बोलावलं नाही. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. चाळिशी आली, अजून वरात डोक्यात घेऊन फिरतोस? पुन्हा माझ्यासाठी थांबणार नाही, अशी माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली.

यंदा मुंबईचे पियानोवाले डिकुन्हा नाशिकला आले. गंगापूर धरणापलीकडे एका वायनरीच्या हिरवळीवर संध्याकाळी कार्यक्रम होता. शेखरचं वाजवणं पटलं तर ते त्याला कायमचं आपल्या ग्रुपमध्ये घेणार होते, परदेश दौऱ्यासकट. मध्ये थोडा वेळ तुम्ही एकटे वाजवा, मग मी पियानो सुरू करतो, असं त्यांनी बजावलं होतं. या वयात पुन्हा अशी संधी कुठली यायला?

मी कंपनीतून सुटले, तर सिन्नर फाट्यावर गाड्यांची रांग. कशीबशी रिक्षा करून वायनरीच्या गेटवर पोचले, तर वॉचमन म्हणे पास दाखवा. पास शेखरच्या खिशात, त्याचा फोन बंद. मी कलाकाराची बहीण म्हणून सांगितलं, भांडले, शेवटी विनवणी केली. तो ढिम्म. तेवढ्यात आतली सगळी वाद्यं गप्प झाली आणि फक्त ड्रम ऐकू यायला लागला.

मी दिसणार नाही आणि हा थांबणार नाही. आधी ताशासारखं कडक वाजलं, मग हळू, मग कुकर, कठडा, पेटी, सगळं मला एकेक करून ओळखू येत होतं. वॉचमनसुद्धा खुर्चीवरून उठून ऐकत उभा राहिला. मी मनात एकच घोकत होते, थांब रे बाबा, आता थांब.

आणि शेखर थांबला. अलगद, अगदी जागेवर. मागोमाग पियानो सुरू झाला, टाळ्या पडल्या. जिंकला पोरगा. मी देवाला हात जोडले आणि तिथेच गेटशेजारच्या कट्ट्यावर बसून ढसाढसा रडले. आनंद तर झालाच होता. पण मी अजून वाटेत आणि त्याचं वाजवणं थांबलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. मीच मागितलं होतं हे, आणि मलाच सोसवत नव्हतं. वॉचमनने पाण्याची बाटली पुढे केली.

कार्यक्रम संपल्यावर शेखर मोटारसायकल घेऊन गेटवर आला. डिकुन्हांनी हो म्हटलं होतं. हे सांगता-सांगता त्याचं माझ्या डोळ्यांकडे लक्ष गेलं.

"ताई, तू आत आलीच नव्हतीस?"

"इथून ऐकलं सगळं. छान थांबलास."

"शपथ घातली होतीस ना," तो म्हणाला. "पण फार जड गेलं गं."

मी मागे बसायची वाट बघत तो गाडीवर बसून राहिला, आणि त्याची बोटं पेट्रोलच्या टाकीवर आपोआप वाजायला लागली. मी खाली वाकून चपलेचा पट्टा सोडला. पुन्हा लावला. पुन्हा सोडला. तो वाजवत राहिला.